डाव्या वळणाचा आजार

आमच्या दवाखान्यात डॉक्टरांसाठी एक सरकारी खुर्ची होती. वेताची, हातांची, पाठीवर टॉवेल टाकायला जागा असलेली. मी तिथे रुजू झालो तेव्हा त्या खुर्चीत वर्तमानपत्र अंथरून त्यावर मोटरसायकलचा कार्ब्युरेटर ठेवलेला होता. मला वाटलं, काहीतरी काम निघालं असेल, उद्या उचलतील. उद्या त्याच्या जागी चेन आली. मग घासलेले ब्रेकशू आले. वस्तू बदलत राहिल्या, पण खुर्चीत डॉक्टर काही आले नाहीत. ते उभ्यानं औषध लिहीत, उभ्यानं चहा पीत, आणि घरी जेवतातसुद्धा उभ्यानंच, असं त्यांच्या पत्नींनी, म्हणजे वहिनींनी, मला सांगितलं. ताट ओट्यावर ठेवायचं, एक घास घ्यायचा, अंगणात एक चक्कर मारायची, परत येऊन दुसरा घास.

"जेवून नाई राहिले, चरून राहिले," वहिनी म्हणायच्या.

दवाखाना गुरांचा. नागपूरहून उमरेडला जाणाऱ्या रस्त्यावर, शहर संपून काळी शेतं सुरू व्हायची तिथे. आता तिथे इतकी घरं झाली आहेत की मला जागा दाखवता येणार नाही. सत्तरच्या आगेमागे मात्र दवाखाना, त्याच्या मागे डॉक्टरांचं क्वार्टर, पुढे एक कडुनिंब आणि रस्त्यापलीकडे तूर, एवढंच होतं. मी त्यांच्या हाताखाली नवा लागलेला. मी साताऱ्याचा. सातारा म्हणजे पुणे नव्हे हे मी डॉक्टरांना सुरुवातीला दोन-तीनदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, इथून पाहिलं की दोन्ही एकाच ठिकाणी दिसते. तेव्हापासून मी पुणेकर झालो तो बदली होईपर्यंत.

डॉक्टर उंच, काटकुळे, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत सरकवलेल्या. एका जागी त्यांचा पाय ठरत नसे. तुमच्याशी बोलता बोलता ते तुमच्याभोवती फिरत, त्यामुळे उत्तर द्यायला आपल्यालाही फिरावं लागे. शेतकऱ्यांना याची सवय होती. बैल मधोमध, त्याच्याभोवती डॉक्टर, डॉक्टरांच्या मागे शेतकरी, आणि सगळ्यांच्या मागे पिशवी घेऊन मी, अशी आमची तपासणी चालायची.

त्यांची तपासायची एक पद्धत होती. जनावर आलं की आधी त्याच्या अंगावरचं सगळं उतरवायचं. कासरा, घुंगरं, गोंडे, झूल, नजर लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा, काही ठेवायचं नाही. नुसतं जनावर उभं करायचं, मग चालवायचं. शेतकरी तक्रार सांगायला लागला की डॉक्टर हात वर करत. "ते मंग. पयले पाह्य, कुठी घासून राहिलं."

एकदा कुही भागातल्या एका शेतकऱ्यानं बैल आणला. अंगावर येतो, गाडीला जुंपू देत नाही, कोणी करणी केली असावी, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी बैल मोकळा केला आणि खांद्यावर हात ठेवला. बैल शहारला. खांदा सुजलेला. मग त्यांनी बैल सोडला आणि शेतकऱ्याच्या गाडीकडे गेले. जुवाच्या खालच्या अंगाला एक खिळा थोडासा वर आला होता. औषध मी दिलं, खिळा डॉक्टरांनी ठोकला. शेतकरी विचारत होता, बैल विकून टाकू का. डॉक्टर म्हणाले, "खांदा सुजला तर जू बदलतेत गा. खांदा नाई बदलत." हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा कंटाळा आला होता.

आता मोटरसायकल. तिच्याशिवाय डॉक्टर सांगता येत नाहीत. खरं तर मी सुरुवातच तिच्यापासून करायला हवी होती.

कामठीला लष्करानं काढलेल्या लिलावात ती त्यांनी घेतली होती, मी यायच्या कितीतरी आधी. जड, जुनी, साडेतीनशे सीसीची विलायती गाडी. मूळची कशी दिसत असेल हे मला कधीच कळलं नाही, कारण मी पाहिली तेव्हा तिच्यात मूळचं फार थोडं उरलं होतं. पावसाळ्यात आमच्या भागातली काळी माती चाकाला धरते, मडगार्डखाली भरते आणि चाक जागच्या जागी थांबवते. म्हणून डॉक्टरांनी मडगार्ड कापून हातभर वर उचललं होतं. नाल्याचं पाणी शिरू नये म्हणून धुराड्याची नळी वळवून सीटच्या उंचीवर आणली होती, तिनं माझी पोटरी दोनदा भाजली. पुढचे दोन्ही दांडे लांब करून घेतले होते. आणि मी यायच्या आदल्याच वर्षी, चिखलात गाडी आवरता यावी म्हणून सक्करदऱ्याच्या एका वेल्डरकडून पाण्याच्या पाइपाचं नवं हँडल करून आणलं होतं. ते इतकं रुंद होतं की गाडी चालवताना डॉक्टर कोणालातरी मिठी मारायला निघाल्यासारखे दिसत.

तिला ते बैलच समजत. सकाळी तिच्या टाकीला स्टेथोस्कोप लावताना मी त्यांना पाहिलं आहे, आणि ती गंमत नव्हती. पुढचे दांडे म्हणजे पाय, टाकी म्हणजे पोट, हँडलच्या खाली जिथे गाडीचा सांगाडा सुरू होतो ती मान. ब्रेकच्या केबलला ते कासरा म्हणत. सीताबर्डीच्या दुकानात जाऊन ते खुशाल "पुढच्या चाकाचा कासरा दाखव" म्हणायचे, आणि दुकानदारही न हसता केबलचं भेंडोळं काढून द्यायचा.

बैल समजण्यात वहिनींचाही वाटा होता. वहिनी उमरेडच्या पलीकडच्या एका गावातल्या, शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या घरात गुरांचा डॉक्टर आहे पण जनावर एकही नाही. विदर्भात पोळा म्हणजे काय हे मला तिथे जाऊन कळलं. आमच्याकडे बेंदूर असतो, तो आषाढात होऊन जातो. इथे श्रावणी अमावास्येला सगळं गाव बैलांपुढे हात जोडतं, आणि त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, मग काही का होईना. अशा दिवशी वहिनी पुजायला काय शोधणार. त्यांनी मोटरसायकल पुजली. पहिल्याच वर्षी माहेराहून येताना त्यांनी वडिलांच्या म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा आणला. बैल गेला होता, पट्टा राहिला होता. चांगला रुंद चामड्याचा, पितळी घुंगरांचा. तो त्यांनी गाडीच्या मानेला आवळून बांधला. तेव्हापासून डॉक्टरांची गाडी छुमछुम करत यायची. गावात लसीच्या दौऱ्यावर गेलो की इंजिनाच्या आवाजाआधी लोकांना घुंगरं ऐकू येत आणि गुरं बांधून ठेवायची धावपळ सुरू होई. उन्हाळ्यात चामडं तडकू नये म्हणून वहिनी पट्टा उतरवून, तेल लावून ट्रंकेत ठेवत. पुन्हा बांधायचा तो पोळ्याला.

हे सगळं मी गमतीनं सांगतो आहे खरा, पण त्या घरात एक गोष्ट होती जिच्याबद्दल कोणी गमतीनं बोलत नसे.

वहिनींचा उजवा हात मनगटाशी जरा वाकडा होता. पोळी लाटताना लाटणं थोडं तिरकं जायचं. त्याचं कारण मला फार दिवस माहीत नव्हतं, आणि कळलं ते डॉक्टरांकडून नव्हे. एकदा मी चहा प्यायला मागच्या अंगणात गेलो होतो, तेव्हा वहिनींनी आपणहून सांगितलं. मी यायच्या आदल्या वर्षी, पोळा होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा दोघं या गाडीवरून वहिनींच्या माहेरी निघाले होते. उमरेडच्या पुढे बस नव्हती, गाडीवाट होती. गावाच्या अलीकडे एक नाला लागतो. वाट मोहाच्या झाडापाशी डावीकडे वळून नाल्यात उतरते. डॉक्टरांनी हँडल डावीकडे वळवलं आणि पुढचं चाक जागेवर थांबलं. ब्रेक कोणी दाबला नव्हता. डॉक्टर चिखलात पडले, वहिनी दगडांवर. बैलगाडीतून, मग बसमधून, मग रिक्षातून त्यांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणेपर्यंत हात सुजून टम्म झाला होता.

वहिनी रागावल्या नाहीत. फक्त त्यानंतर त्या गाडीवर बसल्या नाहीत. माहेरी जायचं तर बसनं उमरेडला, तिथून वडील बैलगाडी पाठवत. बाजारात जायचं तर पायी. डॉक्टर शेजारून गाडी हळूहळू चालवत विनवण्या करत, आणि वहिनी पिशवी घेऊन चालत, हे दृश्य सगळ्या रस्त्यानं पाहिलं होतं.

"बसीन," वहिनी एवढंच म्हणत. "पण पयले तिले धड वळू द्या."

मला त्या दिवशी वहिनींनी आणखी एक सांगितलं. डॉक्टर पहिल्यापासूनच चळवळे. पण जेवायला तरी बसायचे आधी.

तेव्हा मला खुर्चीतल्या त्या सगळ्या लोखंडाचा अर्थ लागला. त्या अपघातापासून हा माणूस एकाच आजाराच्या मागे लागला होता. गाडी उजवीकडे वळायची, सरळ जायची, चढायची, उतरायची. डावीकडे पूर्ण वळवली की कधीतरी पुढचा ब्रेक आपोआप लागायचा. नेहमी नाही, कधीतरी. आणि हा आजार, डॉक्टरांच्या भाषेत, ऋतुमानाचा होता. उन्हाळ्यात अजिबात नाही, पावसाळ्याच्या सुरुवातीला नाही, पोळा झाला की सुरू. डॉक्टरांनी निदान केलं की हवेतल्या ओलाव्यानं केबलचं आवरण फुगतं आणि आतली तार धरली जाते. म्हणून त्यांनी केबलला एरंडेल पाजलं. पुढच्या वर्षी निदान बदललं. तार गारठ्यानं आखडते. मग केबलवर लोकरीची पट्टी गुंडाळली. मी म्हटलं, सर, नागपूरला पोळ्याला कसला गारठा. ते माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "तुले जाणवत नाई. तू पुण्याचा."

तिसरं निदान खरं होतं, निम्मं. केबल चुकीच्या वाटेनं गेली आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग केबलच्या वाटा बदलणं सुरू झालं. कधी ती दिव्याच्या वरून जाई, कधी खालून, कधी टाकीखालून फिरून पुढे येई. मी कितीदा पाना धरून उभा राहिलो असेन ते सांगता येत नाही. पण कुठूनही निघाली तरी डॉक्टर तिला मानेजवळून नेत. कारण खाली चिखल, बाजूला बाभळीचे काटे. मान तेवढी सुरक्षित. एकदा बाभळीनं केबल फाडली होती, ती धास्ती त्यांनी घेतली होती.

वाट बदलली की परीक्षा. परीक्षेला मागच्या सीटवर मी. कडुनिंबाभोवती डावीकडून फेऱ्या मारायच्या. मी वहिनींपेक्षा हलका पडतो म्हणून ते माझ्या मांडीवर सरकीच्या ढेपेचं अर्धं पोतं ठेवत. पोतं मिठीत घेऊन मी डोळे मिटून बसायचो आणि झाड माझ्याभोवती फिरत राहायचं. गाडी एकदाही अडली नाही. कशी अडेल. गाडीला हात लावण्याआधी डॉक्टर आपल्या पद्धतीनुसार तिच्या अंगावरचं सगळं उतरवून ठेवत. आरशाला बांधलेलं फडकं, मागची पेटी, वहिनींचा घुंगरांचा पट्टा. पट्टा तर कपाळाला लावून हळूच ओट्यावर ठेवत. काम झालं, परीक्षा झाली, की तो होता तसा पुन्हा मानेवर आवळून बांधत आणि घरात जाऊन सांगत, "वळून राहिली वं."

वहिनी कणीक मळता मळता म्हणत, "पोळ्यानंतर पाहू."

पोळ्यानंतर ती पुन्हा अडे. खड्ड्यांतून जाता जाता पट्टा कधी वर सरके, कधी खाली, तशी कधी अडे, कधी नाही. आम्हा दोघांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नाही. तेव्हा मी डॉक्टरांवर चिडायचो. दौऱ्यावर निघताना मागे बसलो की माझा जीव डावीकडच्या प्रत्येक वळणावर गोळा होई. रात्री डोळे मिटले की कडुनिंब फिरायला लागे. बदलीचा अर्ज करावा असंही वाटायचं. पण सकाळी तो माणूस टाकीला स्टेथोस्कोप लावून कान देऊन उभा दिसला की चिडणं जमत नसे. त्याला बरं करायचं होतं, एवढंच होतं ते. गाडीला की आणखी कशाला, ते त्याचं त्याला ठाऊक.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी वहिनींच्या वडिलांचा निरोप आला. त्यांच्यानं आता शेती होत नव्हती. बैलजोडी दूरच्या गावच्या पुतण्याला द्यायची ठरली होती, पोळा झाला की तो न्यायला येणार होता. तेव्हा या पोळ्याला पोरीनं यावं, जोडीला तिच्या हातचा नैवेद्य मिळावा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. त्या जोडीला वहिनींनी वासरं असल्यापासून हातानं चारलं होतं. वहिनी दोन दिवस आधीच निघणार होत्या. नेमका त्याच दिवसांत पाऊस लागला. बस वाटेतूनच परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वहिनी माझ्यासमोर पहिल्यांदा रडल्या. पुढे बस मिळाली तरी काय उपयोग. पोळ्याच्या दिवशी बैल जुंपायचे नाहीत, म्हणजे उमरेडला घ्यायला गाडी येणार नव्हती.

डॉक्टर अंगणात येरझारा घालत होते. आम्हा तिघांनाही माहीत होतं की जायचं तर आता एकच वाहन आहे.

वहिनींनी डोळे पुसले, पळसाची पानं आणली, वाटीत तूप-हळद कालवली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आमंत्रण देतात. त्यांनी पळसाच्या पानानं गाडीच्या मानेला तूप-हळद लावली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दरवर्षी या वेळी मला हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

सकाळी आभाळ मोकळं झालं. रस्त्यानं शेजारच्या वाड्यांवरचे बैल नाल्यावर धुवायला निघाले होते. वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून, डबा आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. गाडीला कुंकू लावलं, ट्रंकेतून पट्टा काढला, मानेभोवती घेऊन सगळा जोर लावून आवळला. डाव्या हातानं, कारण उजव्यात जोर नव्हता. मग दोन पावलं मागे सरून त्या गाडीकडे पाहत राहिल्या. बसायचं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिल्यासारखं दिसत होतं.

डॉक्टरांनी त्यांना धीर यावा म्हणून गाडी स्टँडवरून काढली आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवून दाखवलं, आणि पुढे ढकलली. पुढचं चाक अडलं.

डॉक्टरांनी स्टँड लावला, आणि सवयीनं त्यांचा हात पट्ट्याच्या बकलाकडे गेला.

"आज नाई काढाचा," वहिनी म्हणाल्या. "पोळा आहे आज."

डॉक्टरांचा हात तिथेच थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना गाडी अंगावरच्या दागिन्यासकट तपासायची वेळ आली होती. त्यांनी मला हँडल धरायला लावलं आणि स्वतः पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. म्हणाले, हळूहळू डावीकडे घे. मी घेतलं. ते रुंद हँडल वळलं तसं त्याचं उजवं टोक मानेपासून दूर दूर गेलं. केबलनंही त्याच्यासोबत जायला हवं होतं. पण मानेजवळ ती पट्ट्याच्या आत आवळलेली होती. आवरण जागच्या जागी राहिलं, आतली तार ताणली गेली, आणि खाली चाकाशी ब्रेकची दांडी हळूच वर उठली. लिव्हरला माझं बोटही लागलेलं नव्हतं. पट्ट्याच्या कडेला, तूप-हळदीच्या खाली, केबलच्या आवरणावर घासल्याची एक खूण होती, गुळगुळीत झालेली.

मला दिसलं. डॉक्टरांना दिसलं. मी मान वर केली तेव्हा वहिनींनाही दिसलं होतं. त्या खाली वाकून पाहत होत्या, आणि डावा हात नकळत उजव्या मनगटावर गेला होता.

"म्हणजे मलेच मी पाडलं," त्या म्हणाल्या.

डॉक्टर उठून उभे राहिले. मला वाटलं आता चकरा सुरू होतील. पण ते वहिनींपुढे एका जागी उभे राहिले.

"पट्टा गळ्यातच बांधतेत," ते म्हणाले. "बैलाच्या गळ्यात काय अन् गाडीच्या गळ्यात काय. त्याची जागा तेच आहे. केबल तिथून कोणी नेली? मी नेली."

"दरसाल आवळून मीच बांधला न. माह्या बापाच्या घरचा पट्टा."

"अन् हे खाटेएवढं हँडल कोणी लावलं? पयलंवालं असतं तर इतकं ताणलं असतं का? अन् तू तर सालातून एक डाव बांधला. मंग दरवेळी मीच काढला अन् मीच बांधला."

"मले बरं वाटावं म्हणून नका बोलू."

"मी जनावरांचा डाक्तर आहो," डॉक्टर म्हणाले. "लोकाइले सांगतो, पयले पाहा कुठी घासून राहिलं. अन् माह्या घरी घासत होतं ते मले दिसलं नाई. मी दरवेळी उतरवून ठेवत गेलो." मग ते माझ्याकडे वळले. "पुणेकर, पाना आण. खांदा सुजला तर जू बदलतेत. खांदा नाई बदलत."

या वेळी मला त्या वाक्याचा कंटाळा आला नाही. माझे डोळे भरून आले, हे सांगायला लाज वाटायचं आता काही कारण नाही.

पट्टा त्यांनी काढला नाही, सैलही केला नाही. केबलच वरून सोडवली आणि पट्ट्यातून खाली ओढून घेतली. मग ती हँडलपासून थेट बाहेरच्या अंगानं, पुढच्या दांड्याच्या शेजारून चाकापर्यंत सोडली, मानेला शिवू न देता. वर ऐसपैस वळसा ठेवला. बाभळीचं काय, मी विचारलं. ते धावत दवाखान्यात गेले आणि पोट फुगलेल्या गाईच्या घशात घालायची रबरी नळी घेऊन आले. ती उभी चिरून केबलवर चढवली. खुर्चीतलं लोखंड एवढ्या वर्षांत एकदा तरी उपयोगी पडलं, दोन क्लिपा त्यातल्याच निघाल्या. मी हँडल डावीकडे वळवलं, टोकापर्यंत. ब्रेकची दांडी जागची हलली नाही. घुंगरं तेवढी वाजली.

वहिनी सगळा वेळ ओट्यावर डबा मांडीत घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या, गाडीपाशी आल्या, आणि स्वतः एकदा हँडल वळवून पाहिलं.

"हँडल तुमचं, पट्टा माहा," त्या म्हणाल्या. "दोघांनी मिळून पाडलं म्हना." आणि पदर खोचून मागे बसल्या.

ते दोघं गेले आणि मी दवाखान्यात एकटा उरलो. माझ्या आयुष्यात इतका लांब दिवस गेला नाही. एकदा खुर्चीकडे गेलो, एकदा फाटकाकडे. सणाचा दिवस, एकही जनावर आलं नाही, येणारही नव्हतं. मोहाचं झाड मी पाहिलेलंही नव्हतं, तरी ते दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे होतं. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी चहा उभ्यानंच प्यायलो, आणि कडुनिंबाभोवती चकरा मारतो आहे, डावीकडून.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. रस्त्यावर पोरं लाकडी बैल ओढत होती. त्यांच्या गलक्यात मला घुंगरं आधी ओळखू आली नाहीत. गाडी फाटकातून आत आली. चाकं, मडगार्ड, डॉक्टरांची पँट, वहिनींचं लुगडं, सगळं काळ्या चिखलानं माखलेलं. पण दोघं होते, आणि दोघं बसलेले होते. गाडीच्या मानेला आपल्या पट्ट्याशेजारी दुसरा एक पट्टा होता. जोडी जाणार म्हणून म्हाताऱ्यानं एकाच्या गळ्यातला काढून दिलेला.

वहिनींनी दवाखान्याच्या व्हरांड्यातच डबा सोडला. पुरणपोळी काढता काढता त्यांनी मला सांगितलं. मोहापाशी पोचल्यावर डॉक्टरांनी गाडी थांबवली. म्हणाले, तू उतर, पायी खाली ये, मी गाडी एकट्यानं उतरवतो.

"मी म्हटलं, मी नाई उतरत," वहिनी म्हणाल्या. "वळवा."

डॉक्टरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या हातात पुरणपोळीचं ताट होतं आणि ते नेहमीप्रमाणे ठेवायला ओटा शोधत होते. मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. ताट एका हातात धरून दुसऱ्या हातानं खुर्चीतलं लोखंड वर्तमानपत्रासकट उचललं, खाली जमिनीवर ठेवलं, आणि बसले. पहिला घास घेतला, दुसरा घेतला.

वहिनींनी मला डोळ्यांनी खुणावलं, आणि आम्ही दोघं रस्त्यावरच्या पोरांकडे पाहत राहिलो. आम्ही डॉक्टरांकडे पाहिलं असतं तर ते उठले असते.